अर्ध्या गोळीची डबी

"वर दोनशे दहा, खाली एकशे वीस," डॉक्टरसाहेब स्वतःशीच म्हणाले आणि माझ्या दंडाचा पट्टा सोडून पुन्हा आवळायला लागले.

मला वाटलं, यंत्र बिघडलं. काचेच्या नळीतला पारा वर चढला, थरथरला, खाली आला. साहेबांनी कानातल्या नळ्या काढल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या घरचं चोरून आणलं होतं.

"बाई, तुम्ही इथपर्यंत चालत आलात?"

"मंग का उडत येईन?" मी म्हटलं. "साहेब, लवकर सोडा मले. झिंगे उनात पडले हायेत."

"झिंगे राहू द्या. तुम्हाला हायपरटेन्शन आहे. म्हणजे रक्ताचा दाब फार वाढला आहे. आज तुम्ही कुठेही जायचं नाही."

बाजारात बसल्या बसल्या माझ्या नाकातून रक्त आलं होतं. मी पदर लावून मासे कापतच होते, पण शेजारच्या बायांनी हाताला धरून ओढत मला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. मी रस्ताभर त्यांना शिव्या दिल्या. आज त्यांतली एकेक भेटली की मी तिला आधी चहा पाजते, मग बोलते.

हे सगळं मी सांगते आहे, लिहिते आहे माझी सून. ती शाळेत शिकवते. मी "मले" म्हणते, ती "मला" लिहिते. मी म्हटलं, माझं बोलणं पाहिजे तर धुऊन काढ, पण त्या वेळी जो जसा बोलला, मी धरून, ते तसंच लिही. ते तिनं कबूल केलं.

तर मी गिरजा. जात ढिवराची. घरधनी तलावात आणि वैनगंगेत मासे धरायचे, मी विकायची. आमचं गाव कारध्याच्या अलीकडे. सकाळी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि पुलावरून चालत भंडारा. गुजरीत, म्हणजे रोजच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांची ओळ होती, त्यातल्या एका कासाराच्या दुकानासमोर माझी जागा. तीच जागा आधी माझ्या आईची होती.

आईचं आधी सांगायला पाहिजे. ती त्याच जागेवर, हातात मरळ मासा धरून, एका बाजूला कलंडली. लकवा. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धं तोंड गेलं. नंतर सात वर्षं खाटेवर होती. माशाच्या पोटातून एका फटक्यात घाण काढणारा तो हात, त्याला मी दिलेला भाताचा घासही धरता येत नव्हता. ती माझा हात धरून बघत बसायची, बोलायची नाही. म्हणून डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं, "घरात कुणाला लकवा झाला होता का?" तेव्हा माझी सगळी मस्ती उतरली. मी उजवा हात पदराखाली घेतला.

लक्षणं आधीपासून होती, मीच लक्ष दिलं नव्हतं. सकाळी उठलं की मानेच्या मागे डोकं ठणकायचं. पूल चढताना धाप लागायची. मी डोक्याला फडकं आवळून बांधायची. सासू म्हणे नजर लागली, तर मीठ-मिरच्या उतरवून टाकायची. बायाहो, मीठ उतरवून टाकलं ते बरंच झालं म्हणा, पण पोटात जात होतं त्याचं काय? आमच्या घरी खारवलेले सुके झिंगे रोज, वर आंब्याचं लोणचं.

मग तपासण्या सुरू झाल्या. लघवी तपासली, रक्त तपासलं. ईसीजी काढला. त्यात छातीला आणि हातापायांना वायरी लावतात आणि कागदावर हृदयाच्या रेघा उमटतात. मला वाटलं, करंट देतात. मी सिस्टरबाईंना म्हटलं, "माय, झटका मारायच्या आधी सांगजो." त्या हसून हसून दमल्या. डोळ्यांत बॅटरी मारूनही पाहिलं, कारण दाब वाढला की डोळ्याच्या आतल्या नसा आधी सांगतात. बाकावर बसून मी तीन दिवस काढले. घरी बसून कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी दवाखान्याचा बाक एकदा पाहावा.

आधी एकच औषध दिलं. तीन आठवड्यांनी दाब उतरला, पण पुरता नाही. तेच औषध वाढवलं, तर हातपाय गार पडायचे आणि अंगात जीव नसल्यासारखं वाटायचं. तेव्हा साहेब म्हणाले, "एकाच औषधावर सगळा भार नको. आपण कॉम्बिनेशन देऊ. म्हणजे दोन औषधं, दोन्ही थोडी थोडी, एकाच गोळीत. एक बीटा ब्लॉकर, ते हृदयाचा जोर आणि ठोके कमी करतं. दुसरं डाययुरेटिक, ते जास्तीचं मीठ-पाणी लघवीतून बाहेर काढतं."

घरधनी माझ्याबरोबर आले होते. एरवी दवाखान्यात ते तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी टोपी काढून म्हणाले, "साहेब, म्हंजे हा तलावच झाला ना. पानी वाढलं अन् लाटा बी जोरात, त पार फुटते. लाटा कमी करा, थोडं पानी सोडा, पार वाचते."

आमच्याकडे तलावाच्या बांधाला पार म्हणतात. हे साहेबांना माहीत नव्हतं, ते दूर पुण्याकडचे होते. समजावून सांगितल्यावर त्यांनी घरधन्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता मी सगळ्या पेशंटना असंच सांगणार." घरधनी त्या दिवशी पुलावरून छाती काढून चालले.

गोळी सकाळी एक, रोज एकाच वेळी. पण जाता जाता साहेब म्हणाले, "सुरुवातीला लघवीला जास्त जावं लागेल, घाबरू नका." आणि तिथंच माझी खरी पंचाईत झाली.

आता हे कसं सांगू? सून म्हणते, स्पष्ट सांगा. तर ऐका. गुजरीत बाईमाणसाला लघवीला जायला जागा नव्हती. बाप्ये भिंतीकडे तोंड करतात, त्यांचं काय! आम्ही बाया सकाळी घरून निघताना जाऊन यायचो आणि संध्याकाळी घरी गेल्यावर. मधल्या वेळात पाणी प्यायचं नाही. ही आमची रीत होती. आईनं मला मासा ओळखायच्या आधी हे शिकवलं होतं. घसा सुकला की तोंडात सुपारीचं खांड धरायचं आणि गिऱ्हाइकाला हाका मारायच्या.

आणि अशा बाईला लघवी वाढवणारी गोळी!

पहिल्या दिवशी मी दोन वेळा टोपली सोडून नदीच्या बाजूला पळाले. दुसऱ्या दिवशी पळून परत येते तर माझ्या पावशीशेजारी, म्हणजे मासे कापायच्या विळीशेजारी, दोन मांजरं बसून रोहू खात होती, आणि बाया पोट धरून हसत होत्या. वरून दुकानातून कासारकाकू ओरडल्या, "गिरजे, मांजरीले बी गिऱ्हाईक समजून राहिली का वो?"

या काकू म्हणजे आमच्यासमोरच्या दुकानाच्या मालकीणबाई. शुद्ध शाकाहारी. माझ्या टोपलीवरून माझं आणि त्यांचं वीस वर्षं भांडण. त्या रोज सकाळी दुकानासमोर पाणी शिंपडायच्या आणि हमखास माझ्या पायावर उडवायच्या. मी हमखास एखादं खवलं त्यांच्या पायरीकडे उडवायची. त्यांची चकाकती पितळी भांडी आणि माझे मासे, दोन्ही एकाच उन्हात चमकायची, पण आम्हा दोघींचं काही जमत नव्हतं.

मधला सोमवार सुट्टीचा गेला. मंगळवारी सकाळी मी गोळी हातात घेऊन बसले होते. काय करावं कळेना. तेव्हा मला गोळीच्या मधोमध एक रेघ दिसली. एका बाजूला काही अक्षर कोरलेलं, दुसरी बाजू कोरी.

"अवो, पाहा!" मी घरधन्यांना हाक मारली. "दोन औषधं हायेत ना एका गोळीत? ही पाहा मंधात पार. या बाजूले एक, त्या बाजूले एक!"

घरधन्यांनी गोळी उजेडात धरली. खूप विचार केला. म्हणाले, "बरोबर हाय. कोरी बाजू पान्याची असन. पान्याले कायचं अक्षर?"

झालं! डोकं चाललं म्हणून आम्ही दोघंही खूश. मी पावशीवर गोळी बरोबर रेघेवर कापायची. मासे कापणारा हात तो, सरळ दोन भाग. अक्षराची बाजू मी खायची आणि कोरी बाजू तंबाखूच्या डबीत टाकायची. औषध फेकायचं नाही, एवढी अक्कल होती. सोमवारी शंकराचा वार, मासे विकत नाहीत, मी घरी असते. तर आठवड्याचं पाणी सोमवारी एकदाच काढून टाकायचं, असा बेत. तलावाचं पाणीही रोज थोडंच सोडतात?

सहा दिवस मजेत गेले. पळापळ बंद. मी मांजरांना हाकलत, काकूंशी भांडत बसले. फक्त सकाळचं डोकं पुन्हा ठणकायला लागलं होतं. मी म्हटलं, काकूंमुळे.

सोमवारी भात खाल्ला आणि डबीतले सहा तुकडे तोंडात टाकून वर पाणी प्यायले. अंगणात फाटलेलं जाळं तुनत बसले. दुपारपर्यंत चार वेळा लघवीला गेले आणि मनात म्हटलं, वा, बेत जमला. पाचव्यांदा उठले तेव्हा अंगण फिरलं. कडुलिंब वर गेला, आभाळ खाली आलं, आणि मी पडले.

डोळे उघडले तेव्हा घरधनी तोंडावर पाणी मारत होते. मी उठायला उजवा हात टेकवू पाहिला. हात उचलेना. मेलेल्या माशासारखा पडलेला. बायाहो, त्या क्षणी मी मेले. मला आईची खाट दिसली, तिच्या तोंडातून सांडणारा भात दिसला. मी ओरडले, "माझा हात गेला वो! आईसारखा माझा हात गेला!" घरधनी तर माझ्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागले.

बैलबंडीत घालून मला पुलावरून दवाखान्यात नेलं. पूल अर्धा झाला असेल, तेवढ्यात माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मग पंजाला. मग सगळा हात भणभणायला लागला. मी त्या हातावर पडले होते, म्हणून तो बधिर झाला होता, एवढंच! मी बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग घरधन्यांच्या कानाला धरून ओढलं. ते म्हणाले, "ओढ, अजून ओढ." एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दवाखान्यात मात्र कोणी हसेना. दाब नव्वदवर, नाडी मिनिटाला चव्वेचाळीस. पाय उंच करून सलाइन लावलं. रक्तात पोटॅशियम कमी निघालं. ते म्हणजे शरीरातला एक क्षार, ते हृदयाच्या ठोक्यांना लागतं. डाययुरेटिक जास्त झालं तर तेही लघवीतून निघून जातं.

साहेब म्हणाले, "खरं सांगा, गोळ्या कशा घेतल्या?"

मी डबी पुढं केली. रिकामी होती, तळाला पांढरी भुकटी. मी सगळं सांगितलं. रेघ, अक्षर, कोरी बाजू, सोमवार. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांच्या खांद्यांना गदागदा हसू फुटलं, मग पुन्हा लाल झाला.

"बाई, तुम्ही कढीत मीठ घालता. मग ती कढी दोन वाट्यांत ओतली, तर मीठ एकाच वाटीत जातं का?"

मी घरधन्यांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"नाही ना? तशी ही गोळी आहे. दोन्ही औषधं तिच्यात कालवलेली आहेत. तुम्ही सहा दिवस दोन्ही अर्धी घेतलीत आणि सातव्या दिवशी दोन्ही तिप्पट. हे औषध मनानं कमी करायचं नाही, मनानं वाढवायचं नाही आणि एकदम बंद तर मुळीच करायचं नाही. बंद केलं तर दाब उसळी मारतो. एखाद्या दिवशी विसरलात, तरी दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. कळलं?"

"कळलं."

"मग असं केलंत का?"

मी मान खाली घातली. त्यांना कसं सांगायचं? तेव्हा सिस्टरबाई, त्या आमच्याच भागातल्या, पुढं आल्या. "साहेब, गुजरीत बायाईले जागाच नाही. त्या दिवसभर पानी बी पेत नाहीत. हिनं करावं काय?"

 साहेब पट्ट्याची रबराची नळी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "हे मला कुठल्याच पुस्तकात शिकवलं नाही." वेळ बदलून चालेल का, तेही मी विचारलं. ते म्हणाले, या औषधाचा असर दिवसभर राहतो, आणि रात्री घेतलं तर झोप मोडेल. महिन्याभरात शरीर सरावेल, पळापळ कमी होईल. पण पाणी न पिता उन्हात बसणं आणि वरून ही गोळी, हे मुळीच चालायचं नाही. चक्कर येणारच. जागा शोधा, नाहीतर बाजार सोडा.

बाजार सोडून खायचं काय? आणि करायचं काय? मी वॉर्डात दोन दिवस याच विचारात पडून होते. दाबाची भीती एका बाजूला, जागा जाण्याची भीती दुसऱ्या बाजूला. गुजरीत जागा दोन दिवस रिकामी दिसली की तिसऱ्या दिवशी तिथं दुसऱ्याची टोपली असते.

घरी सक्तीचा आराम करून दहाव्या दिवशी मी बाजारात गेले. लांबूनच पाहिलं, तर माझ्या जागेवर काहीतरी चकाकत होतं. जवळ गेले. लहानसा पितळी गुंड, पाण्यानं भरलेला, वर झाकण. आमच्याकडे पाणी भरायच्या भांड्याला गुंड म्हणतात. काकू पायरीवर उभ्या.

"काकू, हा कोनाचा?"

"माझा. दुसरं कोनी बसून जाईन म्हणून ठेवला होता." मग एकदम आवाज चढवून, "अवो, दहा दिवस झाले, भांडाले कोनी नाही! मले काय दुकानातल्या गंज-भांड्याईसंगं भांडाचं होतं का?"

मी हसावं की रडावं! दोन्ही केलं. तेवढ्यात त्यांनी मला दुकानात ओढलं, वीस वर्षांत पहिल्यांदा. टोपलीसकट. मागचं दार उघडलं. परसात संडास, शेजारी पाण्याचा हौद.

"बायाईनं सांगतलं मले सगळं. पह्यले काऊन नाही सांगतलं वो? हे दार उघडं राहीन. तुले बी, बाकीच्याईले बी."

"काकू, माझ्या अंगाले माशाचा वास हाय."

"वीस वर्षं झाले, माझं नाक मेलं," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी फळीवरून एक पाकीट काढून दाखवलं. तीच गोळी! मधोमध तीच रेघ! काकूंनाही दाब होता. मी घाबरून विचारलं, "तुमी कापून त नाही ना खात?" त्या म्हणाल्या, कापत नाही, पण उपासाच्या दिवशी घेत नाही, औषधानं उपास मोडतो ना. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "काकू, हृदयाले उपास नसते. ते एकादशीले बी धडधडते." आणि मी त्यांना कढीचं मीठ, लाटा, पार, सगळं शिकवलं. या मासेवालीला दवाखान्याचं इतकं ज्ञान कुठून आलं, म्हणून त्या बघतच राहिल्या.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्ही दोघी बरोबर दाब मोजायला जायचो. बाकावर ती नऊवारीतली कासारीण आणि ही ढिवरीण. साहेब आधी काकूंचा मोजायचे, मग माझा, आणि म्हणायचे, "आज कोण जिंकलं?" ज्या दिवशी माझा एकशे तीस आणि काकूंचा एकशे चाळीस निघाला, त्या दिवशी काकू गुजरीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. वर्षातून दोनदा रक्तातलं पोटॅशियम बघायचं. सुके झिंगे मी सणापुरते ठेवले. झोपेतून उठलं की आधी बसायचं, दहा आकडे मोजायचे, मग उभं राहायचं. सकाळी बाजारात पोचले की काकू सगळ्या गुजरीला ऐकू जाईल असं विचारायच्या, "घेतली का वो, अख्खी?" आणि मी ओरडायची, "अख्खी! तुमी?"

तुमच्यापैकी कोणाला दाब निघाला, तर घाबरू नका. पण गोळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरला सांगा, लाजेची गोष्ट असेल तर आधी सांगा. मी लाजले म्हणून बंडीत पडले. आणि माझी गोळी तुमची नाही, हे ध्यानात ठेवा. मला लागू पडली म्हणून उसनी मागू नका. आमच्या गावात साखर उसनी मागतात तशी गोळी मागणाऱ्या दोघींना मी परत पाठवलं आहे.

आई ज्या वयात पडली, ते वय मी कधीच मागे टाकलं. ती तंबाखूची डबी अजून आहे, सून तिच्यात सुया ठेवते.

पण मला सारखा आठवतो तो परतल्याचा पहिला दिवस. परसातून मी माझ्या जागेवर येऊन बसले. ऊन चढलं होतं. सवयीनं सुपारीसाठी हात कमरेला गेला. मग मी तो हात मागे घेतला आणि समोरचा भरलेला गुंड उचलला. एकट्या उजव्या हातानं. काकू पायरीवरून बघत होत्या, बाया बघत होत्या. मी गुंड तोंडावर तिरपा केला आणि पाणी प्यायले. भर बाजारात, दुपारी, पोटभर. पदर भिजला, हनुवटी भिजली. मग मी गुंड शेजारणीकडे सरकवला आणि म्हटलं, "पे वो. आता भ्यायचं काम नाही."